माती, धागा आणि मणी : कोल्हार परिसरातील वाचकांच्या शंका

साडीच्या काठावरची नक्षी मातीच्या फरशीवर उतरवणे, आजीच्या बोरमाळेवरून मातीचे मणी घडवणे, घोंगडीच्या तुकड्यांत ते मणी विणून भिंतीवरची कलाकृती करणे, अशा कामांविषयीची पत्रे या वेळी कोल्हार, भगवतीपूर, लोणी, बाभळेश्वर आणि श्रीरामपूर भागातून आली आहेत. बहुतेक पत्रांत तीनच धास्ती आहेत : काम बिघडेल का, आपल्याला किंवा मुलांना बाधेल का, आणि आपण काही बेकायदा तर करत नाही ना. पहिल्या धास्तीवर उपाय तुमच्याच हातात आहे. उरलेल्या दोन ठिकाणी कोणाकडे जायचे, ते त्या त्या उत्तरात स्पष्ट लिहिले आहे.

काळ्या मातीला भेगा पडतात

प्रश्न : ताई, मी शेतातल्याच काळ्या मातीच्या फरश्या थापते. ओल्या असताना इतक्या छान दिसतात, पण दोन दिवसांत मधोमध तडकतात. काठाची नक्षी तर पार विस्कटते. माझ्या हातालाच गुण नाही असे घरचे म्हणतात. मी हे सोडून द्यावे का?
— एक गृहिणी, कोल्हार बुद्रुक

उत्तर : सोडू नका. यात हाताचा दोष नाही, मातीचा स्वभाव आहे. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट (पाणी शोषून फुगणारे चिकणमातीतले खनिज) भरपूर असते. उन्हाळ्यात शेतजमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याही याच खनिजामुळे. पाणी उडाले की माती आक्रसते. फरशीच्या कडा आधी वाळतात, मधला भाग मागे राहतो आणि या ओढाताणीत ती तडकते. म्हणूनच कुंभार निव्वळ काळी माती क्वचितच वापरतात. ते तिच्यात गाळाची माती, चाळलेली राख, बारीक वाळू किंवा घोड्याची लीद मिसळतात.

आधी एक चाचणी करा. ओल्या मातीच्या पट्टीवर बरोबर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पट्टी पूर्ण वाळल्यावर ती पुन्हा मोजा. रेघ 9 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी भरली, तर ती माती एकटीने फरशीला चालणार नाही. तिच्यात ग्रॉग (भाजलेल्या खापरांची चाळलेली पूड) दहा भागांस एक या प्रमाणात घालून पुन्हा मोजा. गरज पडली तर दोन भागांपर्यंत जा. फरशी सावलीत, वर्तमानपत्रावर ठेवा, वरून कापड झाका, कडा ओलसर राहू द्या आणि रोज एकदा उलटी करा. घाईने उन्हात ठेवलेली फरशी चांगल्या मातीची असली तरी वाकते.

भाजल्यावर महिन्याने टवका उडाला

प्रश्न : मी मातीचे पदक भाजून घेतले, रंगवले आणि बहिणीला दिवाळीत दिले. महिनाभराने त्यातून आपोआप टवका उडाला आणि आत पांढरा ठिपका दिसला. बहिणीला वाटते, कुणाची दृष्ट लागली. मला वाटते, मी कच्चे भाजले. खरे कारण काय?
— एक शिक्षिका, बाभळेश्वर

उत्तर : तो पांढरा ठिपका म्हणजे चुनखडीचा खडा. आपल्या जमिनीत असे खडे जागोजाग सापडतात. भट्टीत चुनखडी तापली की तिचा कळीचा चुना होतो. पुढे तोच चुना हवेतली ओल हळूहळू शोषून फुगतो आणि वरचा थर ढकलून देतो. त्यामुळे टवका भाजल्यानंतर काही दिवसांनी, कधी महिन्यानेही उडतो. यात कुणाची दृष्ट नाही आणि तुमचे भाजणेही कच्चे नव्हते.

माती वापरण्याआधी तिच्या कोरड्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसले तर चुना आहे. अशी माती पाण्यात सैल कालवून बारीक चाळणीतून किंवा मलमलीतून गाळा. पिठासारखा बारीक चुना त्रास देत नाही, घात खडे करतात. भाजलेली वस्तू भट्टीतून कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवून ठेवली, तर आतला चुना तिथेच विरतो आणि पुढचा धोका पुष्कळ कमी होतो. मात्र वस्तू तापलेली असताना बुडवू नका, तडकेल.

पांढरा खार फुलतो

प्रश्न : आमच्या बचत गटाने मातीच्या तोरणाच्या पट्ट्या केल्या. वाळताना त्यांच्यावर पांढरी बुरशी येते. पुसली की जाते, पुन्हा येते. मुले हात लावतात, विषारी असेल का? एका ओळखीच्याने त्यासाठी मातीत घालायची एक पांढरी पावडर सुचवली आहे, ती घालावी का?
— बचत गटाच्या सदस्या, लोणी

उत्तर : ती बुरशी नाही, खार आहे. मातीत आणि पाण्यात विरघळलेले क्षार ओलाव्याबरोबर पृष्ठभागावर येतात. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा भाग बागायती केला. त्याचबरोबर कालव्याखालच्या पुष्कळ जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या. अशा जमिनीची माती आणि तिथल्या विहिरीचे पाणी, दोन्ही खार आणतात. तो हाताला लागला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, हात धुतले की पुरे. मात्र त्यावर दिलेला रंग टिकत नाही, कारण खार रंगाला आतून उचलतो.

माती मोठ्या टोपात भिजवा, ढवळा, निवळू द्या आणि वरचे पाणी फेकून द्या. असे तीन-चार वेळा करा. मळायला पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर उत्तम. सुचवलेली पावडर बेरियम कार्बोनेट असण्याची शक्यता आहे. कारखान्यांत ती खार रोखायला वापरतात, पण ती पोटात गेली तर विष आहे आणि उंदीर मारण्याच्या औषधांतही वापरली गेली आहे. मुले वावरतात त्या घरात ती आणूच नका. आणली असेल आणि कुणाच्या पोटात गेल्याची शंका असेल, तर पाकीट बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात जा.

साडीचा काठ मातीवर उमटवू का?

प्रश्न : माझ्या लग्नातल्या पैठणीचा काठ ओल्या फरशीवर दाबून नक्षी घ्यावी, असे फार मनात आहे. सासूबाई म्हणतात जर काळी पडेल. सवतीचे कापड असावे तशी मी ती पैठणी कपाटात बघत बसते आणि हात लावायला भिते. काय करू?
— एक वाचक, भगवतीपूर

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे ऐका. पैठणीची खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. ओल्या मातीतले क्षार आणि पाणी तारेला काळवंडवतात, आणि मातीचा कण रेशमात अडकला की तो धाग्याला कापतो. शिवाय पैठणीची वीण घट्ट आणि सपाट असते, तिचा ठसा मातीत नीट उठतही नाही. ठसा घ्यायचाच असेल तर क्रोशाची लेस, जाड खणाचा तुकडा, गोणपाट किंवा सुताची विरळ जाळी घ्या. दाबण्याआधी कापडाला कोरडी राख चोळा म्हणजे ते चिकटणार नाही.

पैठणीकडून ठशाऐवजी तिची रचना घ्या, ती जास्त मोलाची आहे. कोल्हारवरून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यानेच पुढे कोपरगाव ओलांडले की येवला लागते. तिथे विणकराच्या मागाजवळ थोडा वेळ उभे राहा. पदराच्या नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने, फक्त त्या रंगाच्या जागेपुरताच बाण्यात (आडव्या धाग्यात) भरला जातो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवला जातो. या पद्धतीला टॅपेस्ट्री म्हणतात. त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. विणीत वळण देता येत नाही, म्हणून मोराची मान आणि कोयरीची कडही बारीक पायऱ्यांनीच वळते. फरशीवर असा चौकटीचा आराखडा सुईने आखा आणि त्यात आसावलीची वेल किंवा मुनिया पायऱ्यापायऱ्यांनी कोरा. नक्षी विणलेली वाटेल आणि पैठणी जशीच्या तशी राहील. कोरलेला नमुना भाजून घेतला की त्याचाच पक्का ठसा तयार होतो, तो हव्या तितक्या फरश्यांवर वापरा.

आजीची जीर्ण पैठणी कापावी का?

प्रश्न : आजीच्या पैठणीच्या घड्या चिरल्या आहेत. पदर धडका आहे, अंग विरले आहे. जर घेणारा माणूस दारावर येऊन चांगले पैसे देतो म्हणाला. मुलगी म्हणते कापून भिंतीवर लावू. आजीच्या आठवणीला कात्री लावल्याचे पाप लागेल असे वाटते. रात्री झोप लागत नाही.
— एक आजोबा, राजुरी

उत्तर : आजोबा, आधी एवढे मनावरून उतरवा : घड्या चिरणे हा कुणाच्या निष्काळजीपणाचा परिणाम नाही. रेशीम म्हातारे होते आणि एकाच घडीवर वर्षानुवर्षे दाब राहिला की तिथेच तुटते. जर घेणारे सहसा कापड जाळून चांदी वेगळी काढतात. त्यातून चांदीचे पैसे मिळतील, पण विणकराने केलेले काम कायमचे जाईल. निदान निर्णय होईपर्यंत ती देऊ नका.

आत्ता एवढे करा. घरी धुऊ नका, आणि लिंबू, चिंच, रिठा काहीही जरीला लावू नका. धुतलेल्या, बिनखळीच्या सुती मलमलीत ठेवा. शक्य असेल तर घडी न घालता कापड गुंडाळलेल्या नळकांड्यावर सैल गुंडाळा. नसेल तर दर तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदला. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. भिंतीवर लावायचीच झाली तर अंगाचा विरलेला भाग वेगळा करून पदर अखंड राखा. पदर डिंकाने चिकटवू नका, सुती अस्तरावर बारीक टाक्यांनी टाचा. चौकटीची काच कापडाला टेकणार नाही एवढे अंतर ठेवा आणि ऊन पडणार नाही अशी भिंत निवडा. जुन्या, नावाजलेल्या पदरासाठी मात्र शिंप्याऐवजी वस्त्रसंवर्धकाचा (जुनी कापडे जतन करणाऱ्या तज्ज्ञाचा) सल्ला घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे स्वतंत्र केंद्र आहे, तिथे विचारणा करता येईल. आणि पापाचे म्हणाल, तर मुलीला आजीचा पदर रोज नजरेसमोर हवासा वाटतो, यात आजीचा मानच आहे.

मातीच्या दागिन्याने कान सुजले

प्रश्न : मी केलेले मातीचे झुमके मैत्रिणीने घातले आणि दुसऱ्या दिवशी कान लाल झाले, पाणी आले. माझ्या मातीत विष आहे का? माझ्याकडून आणखी पाच जणींनी घेतले आहेत, त्यांना कळवावे का? घरात दीड वर्षाचे बाळ आहे, ते मणी तोंडात घालते.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हार

उत्तर : भाजलेली माती कानाला क्वचितच बाधते. अशा तक्रारीत पहिला संशय कडीवर घ्यावा. स्वस्त कड्यांत निकेल असते आणि पुष्कळांच्या त्वचेला त्याची अॅलर्जी असते. घामाने ते जास्त सुटते. मैत्रिणीला झुमके काढून ठेवायला सांगा. पाणी येत असेल, सूज वाढत असेल किंवा ताप आला तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे, घरचे मलम लावत बसू नका. पाच जणींना जरूर कळवा आणि कड्या बदलून द्या. चांदीची किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची कडी वापरा.

रंगाचेही पाहा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिसे 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त असू नये, असा नियम 2017 पासून लागू आहे. म्हणून जुने उरलेले डबे आणि सुटी सोनेरी-चंदेरी पूड दागिन्यांना लावू नका, पाकिटावर शिशाबद्दल स्पष्ट लिहिलेला नवा रंग घ्या. बाळाच्या बाबतीत खरा तातडीचा धोका मणी घशात अडकण्याचा आहे. मणी, कड्या आणि दोरे झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा. मणी गिळला आणि बाळाला श्वास घ्यायला त्रास झाला, आवाज बसला, लाळ गळू लागली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठा. घशात बोट घालून मणी काढू नका.

चमकदार कपांची भीती

प्रश्न : प्रदर्शनातून हाताने केलेले चमकदार हिरवे कप आणले. मुले सहा महिने त्यातून लिंबू सरबत पितात. आता कुणी म्हणाले अशा कपांत शिसे असते. मी मुलांना विष पाजले का? फार अपराधी वाटते.
— एक आई, श्रीरामपूर

उत्तर : ताई, हाताने केलेला प्रत्येक चमकदार कप शिशाचा नसतो. बरेच कलाकार आज शिसेविरहित ग्लेझ (भाजताना वितळून काचेसारखा होणारा थर) वापरतात. शिसे मुख्यतः कमी तापमानाला भाजलेल्या ग्लेझमध्ये असते, कारण त्यामुळे थर लवकर वितळतो. आंबट पदार्थ ते बाहेर ओढतात. शिशाच्या ग्लेझमध्ये हिरव्या रंगासाठी तांबे असेल, तर शिसे आणखी सहज सुटते. म्हणून तुमची शंका रास्त आहे. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा : ग्लेझमध्ये शिसे किंवा कॅडमियम आहे का, आणि किती तापमानाला भाजले. 1200 अंशांच्या वर भाजलेल्या स्टोनवेअरमध्ये (घट्ट, दगडासारख्या भाजणीच्या मातीत) ही भीती बरीच कमी असते.

उत्तर समाधानकारक नसेल तर कप शोभेला ठेवा. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते : वस्तूत 4 टक्के अॅसेटिक आम्ल 24 तास ठेवून त्यात उतरलेले शिसे मोजतात. त्यासाठी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्या. घरी व्हिनेगर ओतून रंग बदलतो का ते पाहण्याची चाचणी काही वेळा इशारा देते, पण रंग बदलला नाही म्हणून कप निर्धोक ठरत नाही. मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि रक्तातील शिशाची तपासणी करायची का ते विचारा. शिशाचा परिणाम सहसा वरून दिसत नाही, म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा तपासणीच उत्तर देईल. साधे, बिनचमकीचे, बिनरंगाचे माठ आणि गाडगी पूर्वीप्रमाणे वापरा, त्यांना हे लागू नाही.

मालकांचा खोकला

प्रश्न : आम्ही पिढीजात कुंभार. आता यजमान शोभेच्या फरश्या घासून गुळगुळीत करतात. दोन महिने कोरडा खोकला आहे, जिना चढताना दम लागतो. ते म्हणतात, माती आपल्या बापजाद्यांची, ती कशी बाधेल? मी घाबरले आहे.
— एक वाचक, राहाता तालुका

उत्तर : तुमची काळजी योग्य आहे आणि यजमानांचा मातीवरचा विश्वासही समजण्यासारखा आहे. ओली माती बाधत नाही, कोरडी धूळ बाधते. मातीत सिलिका (गारगोटीचे सूक्ष्म कण) असते. कोरडी फरशी घासताना उडणारे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत आणि फुफ्फुसात खोल रुततात. अनेक वर्षांनी त्यातून सिलिकोसिस (फुफ्फुसे कायमची घट्ट होण्याचा आजार) होऊ शकतो, आणि तो झालेल्यांना क्षयाचा धोकाही जास्त असतो. यजमानांना तेच झाले आहे असे पत्रावरून म्हणता येणार नाही. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला दाखवायलाच हवा. सरकारी आरोग्य केंद्रात क्षयाची तपासणी मोफत होते. त्यानंतर छातीच्या तज्ज्ञांकडून क्ष-किरण आणि फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी करून घ्या. डॉक्टरांना मातीच्या धुळीचे काम आणि ते किती वर्षे केले हे आवर्जून सांगा, नाहीतर तो धागा सुटतो. लोणीला मोठे रुग्णालय जवळ आहे, या आठवड्यातच जा.

कामात बदल सोपे आहेत. फरशी ओली करून घासा किंवा अर्धवट वाळलेली असताना ओल्या स्पंजाने गुळगुळीत करा. केरसुणी वापरू नका, जमीन ओल्या फडक्याने पुसा. रुमालाऐवजी एन-95 मास्क घट्ट बसवा. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. आव्यात प्लॅस्टिक किंवा टायर जाळत असाल तर आजच थांबवा, त्या धुराने आव्याजवळच्या सगळ्यांनाच अपाय होतो.

घोंगडीला कसर, मण्याने दोरा तुटतो

प्रश्न : आजोबांच्या घोंगडीच्या पट्ट्या आणि माझे मातीचे मणी विणून भिंतीवर लावले. आता लोकरीला भोके पडत आहेत आणि मण्यांचे दोरेही तुटतात. शेजारी म्हणतात, डांबराच्या गोळ्या बांध. बाळंतीण सून घरात आहे, चालेल का?
— एक वाचक, कोल्हार बुद्रुक

उत्तर : भोके कसरीच्या अळ्या पाडतात. त्यांना लोकरीतले केराटिन (केसांतलेच प्रथिन) आवडते. सुती दोऱ्याला त्या सहसा शिवत नाहीत. घोंगडीच्या ताण्याला विणण्याआधी चिंचोक्याची खळ देण्याची पद्धत आहे, आणि खळ, घाम किंवा सांडलेले खाणे राहिले की किडे अधिक येतात. मणी उतरवून ठेवा, घोंगडीचा तुकडा प्लॅस्टिकमध्ये हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस ठेवा, म्हणजे ओल आत सुटणार नाही. मग उन्हात झटका आणि मऊ ब्रशने झाडा. पुढे दर दोन महिन्यांनी एवढेच झाडणे पुरते. कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण अळ्या मारायला तो पुरेसा नाही.

डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅफ्थलीन, बाळंतिणीच्या खोलीत नकोच. काही नवजात बाळांना जी-6-पी-डी ची (रक्तपेशींना जपणाऱ्या घटकाची) जन्मजात कमतरता असते. त्यांच्या रक्तपेशी या वासाने फुटू शकतात आणि कावीळ वाढते. बाळ पिवळे दिसत असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञाला दाखवा. दोरा तुटण्याचे कारण मण्याच्या भोकाची धारदार कड. माती ओली असतानाच काडीने भोक पाडून कड ओल्या बोटाने गोल करा, भाजल्यावर पॉलिश कागदाने पुन्हा घासा. जड मणी एकाच धाग्याला लोंबकळवू नका, दोन-तीन धागे एकत्र घ्या.

शेतात नक्षीची खापरे सापडली

प्रश्न : नदीकाठच्या शेतात नांगरताना लाल खापरे निघाली, काळ्या रेघांची, जाळीसारखी नक्षी आहे. मला ती नक्षी माझ्या फरश्यांवर घ्यायची आहे. पण गावात म्हणतात, जुनी वस्तू घरी ठेवली तर पोलीस नेतील. शिवाय पैठणीसारखी नक्षी घेतली तर तोही गुन्हा होतो का?
— एक शेतकरी कलाकार, श्रीरामपूर तालुका

उत्तर : भीती बाजूला ठेवून आधी आनंद माना. तुमच्या वर्णनावरून ती जोर्वे परंपरेची खापरे असू शकतात, खात्री पुरातत्त्वज्ञच देतील. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे 1950-51 मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्या गावाचेच नाव या संस्कृतीला मिळाले. लाल, चाकावर घडवलेली, काळ्या रंगाने तिरक्या रेघांच्या चौकटी आणि जाळ्या काढलेली, वाजवली तर धातूसारखा नाद देणारी ही भांडी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. तुमच्याच तालुक्यातले, प्रवरेकाठचे दायमाबाद हे या काळातले मोठे गाव. तिथे 1974 मध्ये धातूच्या चार भव्य मूर्ती मिळाल्या : रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्या दोऱ्याच्या तपासणीत कापूस आणि रेशमाचे तंतू आढळले. म्हणजे माती, धागा आणि मणी या खोऱ्यात एकाच घरात नांदत होते. तुम्ही मंडळी आज जे जोडू पाहता आहात, ते इथे परके नाही.

खापरे धुऊ नका, त्यांना आम्ल लावू नका. कुठे, किती खोलीवर सापडली ते लिहून छायाचित्रे काढा आणि तहसील कार्यालयामार्फत किंवा थेट राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. संरक्षित स्थळावरून काही उचलणे वा तिथे खणणे टाळा. नाणी, धातूची वस्तू, दागिना असे काही निघाले तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार (जमिनीत पुरलेल्या ठेव्याविषयीच्या कायद्यानुसार) 10 रुपयांपेक्षा जास्त मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पुरावस्तूंची विक्री आणि देशाबाहेर नेणे 1972 च्या कायद्याने नियंत्रित आहे. म्हणून विकू नका, कोणी घ्यायला आला तरी देऊ नका. स्वतःहून कळवणाऱ्याला भिण्याचे कारण नाही, शंका राहिली तर वकिलांना विचारा.

नक्षीचे उत्तर सोपे आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या रेघांवर कुणाची मालकी नाही. मोर, कोयरी, कमळ हेही सर्वांचे. बंधन नावाला आहे : पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक निर्देशांक (ठराविक प्रदेशाच्या उत्पादनालाच नाव वापरण्याचे संरक्षण) मिळाला आहे. त्यामुळे स्वतः विणलेले कापड ‘पैठणी’ म्हणून विकू नका. फरशीवर ‘पैठणीच्या काठावरून’ असे प्रामाणिकपणे लिहा. व्यवसाय मोठा करणार असाल तर त्या विषयाच्या वकिलांना एकदा भेटा. मूळ नमुने बघायचे असतील तर पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे भांडी आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दागिने व वस्त्रे पाहता येतील.

सर्व वाचकांना एक विनंती. मातीविषयीचा प्रश्न पाठवताना ती कुठून घेतली, शेतातून, तळ्यातून की कालव्याच्या कडेने, आणि कोणते पाणी वापरले, हे अवश्य लिहा. कापडाविषयी विचारताना ते धुतले आहे का आणि कुठे ठेवले होते, ते कळवा. एवढ्या माहितीने निम्मे उत्तर मिळते. आणि जे तोंडात जाते, श्वासातून जाते किंवा लहान मुलाच्या हाती लागते, त्याबद्दल आमच्या उत्तराची वाट न पाहता आधी डॉक्टरांना दाखवा. बाकीची भीती बाळगून हातातले काम थांबवू नका. भेगा, टवके आणि तुटके दोरे समजून घेतले की ते टाळता येतात.